भाकरी खाणाऱ्याला चोथ्याचा उपदेश

पोट साफ होत नाही, असे कुणी म्हणाले की उपदेश तयारच असतो. पालेभाज्या खा, पाणी भरपूर पी, पहाटे उठून चालायला जा, रात्री झोपताना चमचाभर चूर्ण घे. घरची आजी हेच सांगते, औषध दुकानदार हेच सांगतो, आरोग्य पुरवणीत लिहिणारा तज्ज्ञ हेच लिहितो आणि दवाखान्यातला डॉक्टरही पुष्कळदा खुर्चीवरून न उठता हेच सांगून मोकळा होतो. या उपदेशात एक आरोप दडलेला आहे : तुला नीट खाता येत नाही, तुझ्या अंगाला हालचाल नाही, म्हणून हे तू ओढवून घेतलेस. या आरोपाला मला उत्तर द्यायचे आहे, आणि ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या मातीवर उभे राहून द्यायचे आहे. कारण इथे तो आरोप अगदीच टिकत नाही.

जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर, श्रीगोंदा हा रब्बी ज्वारीचा मुलूख. मालदांडीची भाकरी इथे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती असे वाण काढले तेही याच खाणाऱ्यांसाठी. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तो ३ ग्रॅमही नसतो. दोन वेळच्या भाकऱ्या, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, मेथी, शेपू, कच्चा कांदा. ज्या ताटात हे आहे, त्या ताटाला चोथा शिकवायला जाण्यात अर्थ नाही. आणि दिवसभर उकिडवे बसून कांदा खुरपणाऱ्या बाईला ‘जरा चालत जा’ म्हणणे हा तर तिच्या कष्टांचा अपमान आहे. तरीही ही तक्रार घेऊन माणसे याच तालुक्यांतल्या दवाखान्यांत येतात. दोष फक्त ताटाचा आणि आळसाचा असता, तर ती आली नसती.

उपदेश करणाऱ्यांची बाजू अगदीच निराधार नाही, हे मान्य करून पुढे जातो. शहरात आणि आता तालुक्याच्या गावातही खारी, बिस्किटे, पाव, मैद्याचे पदार्थ वाढले आहेत. अशा खाण्यामुळे ज्याला खडा होतो, त्याला भाकरी, फळे, इसबगोल आणि पाणी यांनी खरोखर बरे वाटते. बहुतेकांच्या बद्धकोष्ठतेमागे गंभीर आजार सापडत नाही, हेही खरे. दर दिवशी शौचाला झालेच पाहिजे असाही नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढी मोठी मर्यादा निरोगी माणसाची असते. माझा वाद आहे तो पहिला उपाय हाच शेवटचा मानण्याशी, आणि उपाय लागू पडला नाही की ‘तू पथ्य पाळत नाहीस’ म्हणून पुन्हा रोग्यालाच दटावण्याशी.

चोथ्याचा हा महिमा ज्यांच्यामुळे जगभर पसरला ते डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक. युगांडात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. १९७० च्या दशकात त्यांनी दाखवले की आफ्रिकी खेड्यांतल्या माणसांचा मळ वजनाने जास्त असतो आणि तो आतड्यातून लवकर पुढे सरकतो. ब्रिटनच्या पांढऱ्या पावावर जगणाऱ्यांचे उलटे. निरीक्षण बरोबर होते. पण ते पाव खाणाऱ्यांसाठी होते, आणि त्यातून कारण एकच असा निष्कर्ष निघत नव्हता. १९९७ मध्ये जर्मन डॉक्टरांनी जुन्या बद्धकोष्ठतेच्या १४९ रुग्णांना चोथा देऊन पाहिला. ज्यांच्या तपासणीत कुठलाच बिघाड सापडला नव्हता, त्यांतल्या ८५ टक्क्यांना बरे वाटले. ज्यांचे आतडे मुळातच मंद चालत होते, त्यांतल्या ८० टक्क्यांना काहीही उपयोग झाला नाही. ज्यांच्या शौचाच्या क्रियेतच दोष होता, त्यांतल्या ६३ टक्क्यांची तीच गत झाली. म्हणजे चोथा लागू न पडणे हीच एक खूण आहे. ‘आणखी खा’ असे म्हणण्याऐवजी ‘आत काय बिघडले आहे?’ असे विचारण्याची ती वेळ असते. मंद आतड्यात आणखी भुसा भरला तर पोट फुगते, दुखते, आणि रोगी आपल्यालाच दोष देत राहतो.

दुसरी समजूत याहून जुनी आणि जास्त चिवट आहे : पोटात साचलेला मळ रक्तात विष सोडतो आणि सगळे रोग तिथून सुरू होतात. आपल्याकडे ती आयुर्वेदाच्या नावाने सांगितली जाते, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लंडनमध्येही तितकीच जोरात होती. सर आर्बुथनॉट लेन हे नामांकित सर्जन केवळ बद्धकोष्ठतेसाठी लोकांचे मोठे आतडे कापून काढत. गांधीजींचाही बद्धकोष्ठतेवर मातीचे लेप, कटिस्नान, एनिमा यांवर विश्वास होता. त्यांनी ते प्रयोग आधी स्वतःवर केले आणि आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले. १९४६ मध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यात उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे काम सुरू झाले तेही त्यांच्याच प्रेरणेने. गांधीजींबद्दलच्या आदराने त्यांचे शरीरशास्त्र खरे ठरत नाही. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरांनी विषाच्या कल्पनेला साधे उत्तर दिले. शौच होताच डोके हलके होते, जडपणा जातो, हा सगळ्यांचा अनुभव आहे. विष रक्तात भिनले असते तर ते त्याच क्षणी कसे उतरेल? म्हणजे त्रास होता तो गुदाशय ताणल्याचा, विषाचा नव्हे. पुढे १९२२ मध्ये गुदाशयात नुसता कापूस भरून तीच डोकेदुखी, तोच जडपणा निर्माण करून दाखवण्यात आला. शंभर वर्षे झाली. तरी ‘पोट साफ तर रोग माफ’ असे सांगत चूर्णे खपतात.

या समजुतीने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली, ही तिची खरी हानी. बद्धकोष्ठतेमुळे रोग होतात असे मानणाऱ्याला, रोगामुळे बद्धकोष्ठता होते हे सुचतच नाही.

थायरॉइड घ्या. गळ्यातल्या या ग्रंथीचा स्राव कमी पडला की शरीराचा सगळाच कारभार मंदावतो. आतडेही त्यात आले. बाईला थकवा येतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही, पाळी बिघडते, केस गळतात आणि पोट साफ होत नाही. यांतल्या प्रत्येक तक्रारीला घरात वेगळे उत्तर मिळते आणि बहुतेक उत्तरांत तिचाच दोष निघतो. देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइडची कमतरता आढळली होती. एक रक्ततपासणी, आणि दिवसाला एक गोळी. ती गोळी सुरू झाली की अनेकींचे पोट चूर्णाशिवाय चालू लागते.

मधुमेहात आतड्याच्या नसा झिजतात. २०२३ मध्ये आलेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतल्या किती जणांना डॉक्टरांनी साखरेसोबत पोटाबद्दल विचारले असेल?

पार्किन्सनचा कंप तर फार उशिरा दिसतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगाचे पहिले वर्णन केले, त्यातच बद्धकोष्ठतेची नोंद आहे. होनोलुलूतल्या पुरुषांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २००१ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की ज्यांना दिवसातून एकदाही शौचास होत नव्हती, त्यांना रोज एकदा होणाऱ्यांपेक्षा पुढे हा रोग होण्याचा धोका २.७ पट होता. याचा अर्थ बद्धकोष्ठता असलेल्या प्रत्येकाने कंपाची धास्ती घ्यावी असा मुळीच नाही. पण साठीतल्या माणसाचे पोट बिघडले आहे, अक्षर बारीक होत चालले आहे, चालताना एक हात हलत नाही, वास येईनासा झाला आहे, हे सगळे एका माणसाने एकत्र ऐकून घ्यायला हवे. ‘आता वय झाले’ हे त्याचे उत्तर नव्हे.

आणि औषधे. इथे मला जरा थांबायचे आहे, कारण हे कारण आपणच घराघरात नेऊन देतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गर्भवतीला रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस लोहाच्या गोळ्या द्यायच्या, असे धोरण आहे आणि ते योग्य आहे. आशाताई गोळ्या घरी पोचवतात. मात्र गरोदरपणातल्या संप्रेरकांनी आतडे आधीच मंदावलेले असते; त्यात लोहाने शौच काळे आणि कडक होते. ‘गोळ्या गरम पडतात’ असे म्हणून बाई त्या डब्यात ठेवून देते. नोंदवहीत गोळ्या पोचल्याची खूण होते, रक्त वाढत नाही, आणि मग अडाणीपणाचे खापर तिच्यावरच फुटते. तिची तक्रार खरी आहे. गोळीची मात्रा किंवा प्रकार बदलता येतो, वेळ बदलता येते, सोबत शौच मऊ करणारे साधे औषध देता येते. जिला रोजची गोळी सोसतच नाही, तिच्यासाठी दिवसांचे अंतर ठेवून देण्याचाही विचार डॉक्टर करू शकतात. यासाठी मुळात कुणीतरी विचारायला हवे : बाई, गोळ्यांनी काय होते?

कॅल्शियमच्या गोळ्या, काही आम्लपित्तनाशके, रक्तदाबावरची काही औषधे, नैराश्यावरची आणि झोपेसाठी दिली जाणारी काही औषधे, कोडीनचे खोकल्याचे औषध, कंबरदुखीवरचे ट्रॅमाडॉल, या सगळ्यांनी आतडे मंदावते. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक घ्यायची असते. ती रोज घेतली, महिनोन्‌महिने घेतली, तर रक्तातले कॅल्शियम चढते, आणि बद्धकोष्ठता हे त्याचे ठळक लक्षण. काही रसौषधींत शिसे सापडल्याचे आणि त्यातून विषबाधा झाल्याचे पुरावे भारतात व परदेशात नोंदले गेले आहेत. शिशाने पोटात कळा येतात आणि शौच अडते. म्हणून पोटाची तक्रार घेऊन जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे पिशवीत घालून डॉक्टरसमोर ओतावेत. चूर्णाची नवी डबी आणण्याआधी हे करावे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत हाच निष्काळजीपणा जीव घेऊ शकतो. दिवस भरून जन्मलेले बाळ पहिल्या दिवसात, फार तर ४८ तासांत, पहिली काळी शी करते. ती झाली नाही, पोट फुगले, उलटी हिरवी झाली, तर हर्शस्प्रंगच्या रोगाची शंका घ्यायची असते. आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच चेतापेशी नसतात, त्यामुळे तो भाग सैल पडत नाही आणि मळ पुढे सरकत नाही. सुमारे ५ हजार बाळांत एकाला हा रोग असतो. १८८६ मध्ये कोपनहेगनच्या हर्शस्प्रंग यांनी तो मांडला, १९४८ पासून त्यावर खात्रीची शस्त्रक्रिया आहे. आपल्याकडे अशा बाळाला एरंडेल चाटवतात किंवा विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून शीच्या जागी घालतात. या रोगात तसे केले की साचलेला वायू आणि शी जोराने बाहेर येते, घर निर्धास्त होते. चार दिवसांनी पुन्हा तेच. देठाने बरे वाटणे हाच तिथे धोक्याचा इशारा आहे, कारण आतल्या आत आतड्याला सूज येऊन बाळ हातचे जाऊ शकते. थोरल्या मुलांची गोष्ट निराळी. संगमनेर, राहाता, राहुरीसारख्या दुधाच्या तालुक्यांत पोराने जेवण टाकले तरी ‘दूध तर पितो’ म्हणून आई समाधान मानते. तांब्याभर दूध आणि बिस्किटे एवढ्यावर राहणाऱ्या मुलाला खडाही होतो आणि त्याचे रक्तही कमी होते. त्याला जुलाबाच्या औषधाआधी जेवण हवे. ताटाचा दोष जिथे खरा आहे, तिथे तो मी नाकारत नाही.

आता ऊसतोडीकडे येतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास माणसे कोयता घेऊन निघतात ती उन्हाळ्यातच परततात. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा या जिल्ह्याला अभिमान आहे आणि असावाच. पण साखर ज्यांच्या हातांनी गाडीत चढते, त्या बाईच्या पोटाचे काय होते? कोपीजवळ संडास नाही. अंधार असताना जायचे, नाहीतर दिवस मावळेपर्यंत थांबायचे. फडात आडोसा मागायचा तर मुकादमाचे, पुरुषांचे डोळे. म्हणून ती पाणीच कमी पिते. वेग आला की दाबते. दाबलेला मळ आतच राहतो, त्यातले पाणी आतडे शोषून घेते, खडा होतो. महिनोन्‌महिने हे चालले की गुदाशय सैलावतो आणि वेगाची जाणीवच बोथट होते. कुंथून चीर पडते, चिरेच्या वेदनेने ती आणखी दाबते. अंगदुखीच्या गोळ्या त्यात भर घालतात. हिला ‘पाणी भरपूर पी’ सांगणारा डॉक्टर तिला ते पाणी सोडायला जागा कुठे आहे, हे विचारत नाही. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. त्या घोषणेत ही कोपी नव्हती.

लक्षण दिसले की कारण न शोधता उपाय उरकायचा, याची परिसीमा शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसली आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आले. अंगावर पाणी जाते, ओटीपोट दुखते, एवढ्या तक्रारींवर पिशवी काढून मोकळे होणारी व्यवस्था ‘शौचाला होत नाही’ म्हणणाऱ्या बाईचे कारण शोधेल, अशी आशा कशी धरावी?

खेड्यातल्या पुष्कळ बाया सांगतात, मिसरी लावल्याशिवाय परसाकडे होत नाही. यात खोटे काही नाही. तंबाखूतल्या निकोटीनने आतडे हलते. पण याचा अर्थ त्या बाईने आपल्या दुखण्यावर स्वतःच एक औषध शोधले, आणि ते औषध तोंडाच्या कर्करोगाकडे नेणारे आहे. मिसरी सोडा म्हणून व्याख्याने देणाऱ्यांनी आधी तिच्या पोटाचा प्रश्न सोडवला, तर त्यांचे ऐकले जाईल.

सगळ्यात मोठी चूक रक्ताच्या बाबतीत होते. कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडाबाहेर भिंतींवर मूळव्याध, फिशर, भगंदर यांच्या पाट्या रंगवलेल्या असतात. शौचातून रक्त पडले की रोगी तिथे जातो आणि तपासणीविना मूळव्याधीचे औषध घेऊन येतो. भारतात मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे खरे. पण आपल्याकडे तो अनेकदा तरुण वयात सापडतो आणि उशिरा सापडतो. पन्नाशीच्या आसपास पोटाची आयुष्यभराची सवय अचानक बदलली, रक्त पडते आहे, वजन उतरते आहे, पुरुष असून हिमोग्लोबिन कमी आहे, घरात कुणाला हा रोग झाला होता, यांतले काहीही असेल तर दुर्बिणीतून आतडे पाहिल्याशिवाय मूळव्याध म्हणायचे नाही. आणि पोट गच्च फुगले आहे, वायूही सरत नाही, उलट्या होत आहेत, अशा माणसाला जुलाब देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे. त्याने थेट मोठे रुग्णालय गाठावे.

यावर आक्षेप येईल : मग काय प्रत्येकाच्या तपासण्या करत बसायचे? खेड्यात हे परवडेल का? माझे म्हणणे असे मुळीच नाही. बहुतेकांना यंत्र लागत नाही, प्रश्न लागतात. कधीपासून? कुठल्या गोळ्या चालू आहेत? रक्त पडते का? बाहेर जायला जागा आहे का? बोटाने काढावे लागते का? कुंथूनही दार उघडत नाही असे वाटते का? शेवटच्या दोन प्रश्नांना ‘हो’ आले, तर ज्या स्नायूंनी त्या वेळी सैल पडायचे ते उलट आवळले जात असण्याची शक्यता असते, आणि त्यावर सरावाने शिकवण्याचा उपचार आहे. तपासण्या म्हणाल तर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, कॅल्शियम. बस.

आणि हे प्रश्न विचारायला पदवीधरच हवा असेही नाही, हे या जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अक्षरओळख नसलेल्या, बऱ्याच दलित समाजातल्या, अशा गावातल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्या बाळंतपणे करू लागल्या, कुष्ठरोग ओळखू लागल्या, रक्तदाब मोजू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बाया शेजारणीच्या अंगणात बसून तिचे ऐकत, आणि तिच्या समजुतीला हसत नसत. आज प्रत्येक गावात आशाताई आहे. तिच्या नोंदवहीत गोळ्या मोजायला रकाना आहे. गोळ्यांनी काय झाले हे लिहायला एक ओळ वाढवणे अवघड नाही.

डॉक्टरांकडून मात्र एक मागणी ठाम आहे. बद्धकोष्ठतेच्या रुग्णाची गुदद्वारातून बोटाने तपासणी व्हायला हवी, आणि ती बहुधा होत नाही. रुग्ण लाजतो, डॉक्टर घाईत असतो, बाई असेल तर दोघेही टाळतात. दोन मिनिटांच्या या तपासणीत गाठ हाताला लागते, चीर कळते, स्नायू सैल पडतात की आवळतात ते कळते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला ‘पातळ होते’ म्हणून जुलाब थांबवण्याची गोळी दिली जाते, तेव्हा आत दगडासारखा मळ अडकून त्याच्या बाजूने पातळ पाझरत असते, हेही त्याच बोटाला कळते. यासाठी हातमोजा हवा, पडदा हवा, बाई रुग्ण असेल तर जवळ एक परिचारिका हवी. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एवढे आजही करता येईल.